काचेचा कावळा

४ मे २०२५, रविवार

पुरूला कावळा हवा आहे. काचेचा! आणि तो मी फुंकायचा!

आज आमच्या ओळखीच्या इंद्रनीलच्या वडिलांचा दहावा होता, बीचवर. पिंड ठेवले, सगळे मागे सरकलो आणि वाट बघत उभे राहिलो. कशाची? ऑकलंडमध्ये कावळा नाही. औषधालाही नाही. समीर गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवायचा, शास्त्रात सोय आहे. (समीर सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरवाला, शनिवार-रविवार गुरुजी.) पण इंद्रनीलच्या बहिणीने आणलेला दर्भ एअरपोर्टवरच जप्त झाला. वाळलेलं गवत, बायोसिक्युरिटी! तेवढ्यात एक सीगल आला, पिंड चोचीत धरला आणि उडाला. सगळ्यांनी हात जोडले. इंद्रनीलची आई रडली.

परत येताना गाडीत आमच्या मनुरेवाचं वळण आलं तेव्हा पुरू म्हणाला, "सीगल चिप्सलाही शिवतो गं. त्याच्या शिवण्याला काय किंमत?" मग खोकला. बराच वेळ. मग म्हणाला, "माझा मी करून ठेवतो."

मी म्हटलं, गप्प बस.

५ मे

सकाळी टेबलावर छापलेली चित्रं मांडून बसला होता. रोमन पक्षी. वीतभरही नाहीत. पोट फुगीर आणि पोकळ, चोच इवलीशी, शेपूट लांब निमुळती. निळे, हिरवट, काही जांभळे. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत असे पक्षी फुंकायचे, आत सुवासिक पूड भरायचे आणि शेपटीचं टोक तापवून बंद करून टाकायचे. बूच नाही, झाकण नाही. पूड हवी तर शेपूट मोडायची! काहींची कुणी मोडलीच नाही. ते तसेच थडग्यांत सापडले, पुडीसकट.

"थडग्यांत" हा शब्द त्याने जरा जास्तच हौसेने उच्चारला.

हे रोमन वेड चार वर्षांचं. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पॅकिंगची मशिनं दुरुस्त केली, रिटायर झाला आणि अवोन्डेलला ग्लेनिसच्या काचेच्या स्टुडिओत जाऊन बसायला लागला. आधी फुलदाण्या केल्या. मग कुठे तरी रोमन बाटल्या पाहिल्या आणि गेला कामातून. आमच्या बाथरूममध्ये शाम्पूसुद्धा रोमन बाटलीत आहे.

गेल्या ऑक्टोबरात सगळं थांबलं. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. इडिओपॅथिक फायब्रोसिस. कारण माहीत नाही, असं त्या आजाराच्या नावातच आहे म्हणे! बरं होणार नाही, हेही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून नळीला तोंड लावायचं नाही.

म्हणून मी. "मी बाकावर बसेन, नळी फिरवेन, आकार देईन. फुंकर फक्त तुझी."

मी नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. शनिवारी जायचं ठरलंय. कसं ठरलं, मला माहीत नाही.

१० मे, शनिवार

मोजे आणि जॅन्डल्स (इकडच्या रबरी चपला) घालून गेले तर ग्लेनिसने दारातूनच परत पाठवलं. पायावर काच सांडली तर? गाडीत पुरूचे जुने बूट होते, ते घातले. दोन नंबर मोठे.

ग्लेनिस अडुसष्ट वर्षांची. किरकोळ. दंडावर भाजल्याचे डाग. भट्टी अकराशे अंशांवर, वर्षभर चालू, कधी विझवत नाहीत. आत बघितलं तर काच दिसतच नाही, नुसता उजेड. तिने नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतला, मधासारखा, आणि पुरूच्या हाती दिला. त्याने बाकाच्या दोन दांड्यांवर नळी आडवी ठेवून गरागरा फिरवायला सुरुवात केली. थांबलं की काच लोंबते. मी दुसऱ्या टोकाला उकिडवी. त्याने बोट वर केलं की फुंकायचं.

आता मी पडले बंब पेटवलेली बाई. लहानपणी रोज सकाळी फुंकणी तोंडाला. गाल फुगवून, पोटातून, जीव खाऊन फुंकायचं तरच ढलपी पेटते. तसंच फुंकलं! काच भसकन फुगली, कागदाहून पातळ झाली आणि फट्! तिचे पापुद्रे हवेत तरंगत राहिले. ग्लेनिस दोन पावलं मागे.

"मृणाल! बंब नाहीये तो!"

पुरू हसला. हसता हसता खोकला. खोकता खोकता ओठ निळे. तीन मिनिटं हसण्याची वीस मिनिटं शिक्षा. मी त्याची पाठ धरून बसले होते आणि मला राग येत होता. त्याचा, त्या नळीचा, रोमन लोकांचा.

११ मे

गाल दुखतायत. पोळी चावता येत नाही. मऊ भात.

१७ मे, शनिवार

आज जमलं थोडं. युक्ती अशी — फुंकायचंच नाही जवळजवळ. पुरीवरची वाफ घालवतो तेवढी एक फुंकर, आणि लगेच नळीच्या तोंडावर अंगठा. बस्स. आत कोंडलेली हवा काचेच्या उष्णतेने आपोआप पसरते आणि फुगा आपला आपण उघडतो. "जोर लागत नाही गं, धीर लागतो," म्हणाला. म्हणजे माझ्याकडे नाही ते.

ग्लेनिस नळीचं तोंड दर वेळी स्पिरिटने पुसते. पुरू म्हणाला, कशाला, छत्तीस वर्षं एकमेकांचं उष्टं खातोय. तिला उष्टं म्हणजे काय ते समजावताना आमची तारांबळ. शेवटी म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे छानच, आणि पुसलंच.

काच निवेपर्यंत पुरूची बडबड. जेरुसलेमला एका जुन्या कचऱ्यात काचेच्या नळ्या सापडल्या. एक टोक चिमटून बंद केलेल्या, दुसऱ्या टोकातून फुंकलेल्या. म्हणजे सुरुवातीला लोखंडी नळी नव्हतीच, काचेचीच. त्याआधी मातीच्या गाभ्यावर काच गुंडाळत बसायचे. बाटली म्हणजे श्रीमंतांची चैन. मग कुणाला तरी फुंकायचं सुचलं, आणि शंभरेक वर्षांत काचेचा पेला तांब्याच्या नाण्याला मिळायला लागला.

"कुणाला सुचलं?"

"नाव नाही कुठे."

"बाई असणार. चूल फुंकताना सुचलं असणार."

माझ्याकडे बघत राहिला. "असेल," म्हणाला. असा कधी एका वाक्यात हरत नाही तो.

रोमन काळातल्या मातीच्या एका दिव्यावर चित्र आहे म्हणे. भट्टीपाशी एक जण नळी फुंकतोय आणि पलीकडे दुसरा वाकून काही करतोय. काम दोघांचंच.

२४ मे, शनिवार

तीन केले. पहिल्याची मान मोडली. दुसरा बदक. तिसरा बटाटा.

१ जून, रविवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, श्रिया वेलिंग्टनहून आली आहे. बाबाला बघून दारातच थबकली. मार्चपेक्षा किती उतरलाय ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मी रोज बघते, मला दिसत नाही.

जेवताना पुरूने तिला कावळ्याचं सगळं सांगितलं, अगदी चवीने. ती ऐकत होती, मग म्हणाली, "बाबा, दॅट्स रिअली डार्क." मग काटा खाली ठेवला. "अँड आय हॅव टु डू इट? द पिंड थिंग?"

"तूच. समीर म्हणाला मुलगी चालते."

"आय डोन्ट नो हाऊ."

"आई सांगेल."

मी म्हटलं, "ह्याचं मी सांगेन गं. माझ्या वेळी कोण सांगणार? ही उबर ईट्सवरून पिंड मागवेल." श्रिया हसली. मीही हसले. पुरू नाही हसला. भात चिवडत बसला होता. मला वाटलं, दमलाय.

५ जून

आज लिहूनच टाकते. कुठे तरी लिहिलं पाहिजे.

मी केमिस्ट्रीची बाई. शाळेच्या लॅबमध्ये अठरा वर्षं नोकरी. आत्मा कावळ्यात येतो यावर माझा विश्वास नाही. पण २००५ साली आई गेली तेव्हा मी इथे होते. पीआरचे, कायम राहण्याचे कागद अडकलेले, निघाले असते तर परत येता आलं नसतं. दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवेना. दोन तास! झाडावर वीस कावळे बसलेले, एकही खाली येईना. मधुकरदादाने सगळं म्हणून पाहिलं — घर सांभाळू, वहिनीला त्रास देणार नाही. शेवटी त्याने फोन पिंडाजवळ धरला आणि म्हणाला, तू बोल. मी मनुरेवाच्या किचनमध्ये उभी. मी म्हटलं, आई, मी येते.

आणि कावळा शिवला! दादा फोनवर ओरडला, शिवला, शिवला!

मी गेले तीन वर्षांनी. विश्वास नाही, मग हे वीस वर्षं डोक्यातून का जात नाही? पुरूला हे माहीत आहे. फोन माझ्या कानाला तोच धरून उभा होता. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

म्हणून मी नळी फुंकते आहे. तो म्हणतो म्हणून नाही.

१३ जून, शुक्रवार

फोन आला. नर्स. "घरच्या ऑक्सिजनचं मशीन तुमच्या मिस्टरांनी दोनदा पुढे ढकललंय, सगळं ठीक आहे ना?"

दोनदा! मला पत्ता नाही!

विचारलं तर म्हणाला, "ऑक्सिजन लागला की भट्टी बंद ना माझी." ते खरं आहे. अकराशे अंशांसमोर नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन बसता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण रात्री तीन-तीन उशा लावून झोपतोय, बाथरूमपर्यंत जाताना भिंतीला हात लावत जातोय, आणि मशीन पुढे ढकलतोय एका खेळण्यासाठी! मी म्हटलं, तुला मरायचीच घाई झाली आहे. फार ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

जित्याची खोड — पुढचं लिहीत नाही.

नर्सला मी परत फोन केला. मशीन १ जुलैला. तारीख मी दिली. पुरूला सांगितलं, तीन शनिवार. झाला तर झाला, नाही तर सीगल.

१४ जून, शनिवार

दोन फुटले. 

२२ जून, रविवार

माझी चूक. पूर्णपणे माझी.

काल पक्षी झाला होता! खरोखरचा. गर्द जांभळी काच. मँगनीजने असा रंग येतो, रोमन लोकही तेच वापरायचे. उजेडात धरली तर जांभूळ, टेबलावर ठेवली तर काळी. चोच थोडी वाकडी, पण कावळाच. झाल्याबरोबर निववायच्या पेटीत ठेवतात. पाचशे अंशांपासून रात्रभर हळूहळू खाली. त्या पेटीचं दार उघडायचं नाही हे ग्लेनिसने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कुकरची वाफ जिरेपर्यंत मी जन्मात कधी थांबलेली नाही. निघताना दार बोटभर उघडून पाहिलं. फक्त बघायला! दोन सेकंद.

आज ग्लेनिसचा फोटो आला. मानेपासून पोटापर्यंत तडा.

पुरूला सांगितलं. खाली मान घालून, शाळेतल्या पोरीसारखं. तो म्हणाला, "एक शनिवार आहे अजून." ओरडला असता तर बरं झालं असतं.

२८ जून, शनिवार

झाला. झाला!

सकाळी बाहेर पाऊस आणि त्याचा श्वास दोन्ही ऐकू येत होते. गाडीपासून बाकापर्यंत येताना तीनदा थांबला. ग्लेनिसने खुर्ची आणली तर म्हणाला, बाकच बरा. हात मात्र! नळी हातात आली आणि हात पूर्वीचेच. थरथर नाही, काही नाही.

गोळा घेतला. लोखंडी पाटावर लोळवून लांबोडा केला. बोट वर — मी फुंकर घातली, अंगठा ठेवला. आत एक मोत्याएवढा बुडबुडा दिसला, मग सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. त्याने चिमट्याने पुढचं टोक ओढून चोच काढली. एकदाच ओढली, दुसऱ्यांदा हात लावला नाही. पुन्हा तापवलं. मग नळीकडची बाजू ताणत ताणत नेली, वेळूच्या काडीएवढी बारीक, ती शेपूट. ग्लेनिसने जाड हातमोज्यांत पक्षी धरला आणि पुरूने ज्योतीने शेपटीचं टोक तापवलं. काच मिटली. नळीपासून सुटली. बंद!

आत पूड वगैरे काही भरली नाही. नुसती हवा.

पेटीत ठेवून झाल्यावर दोघं बसलो होतो. तो म्हणाला, "शिवून झालं की शेपूट मोड, रोमन बायका मोडायच्या तशी. तुझा श्वास मोकळा होईल."

मी म्हटलं, चूक. बंद केला तेव्हा आतली हवा तापलेली होती. निवली की आकसते. उद्या तो पेटीतून निघेल तो अर्धपोटी. शेपूट मोडली की श्वास सोडणार नाही, आत घेईल.

त्याने विचार केला. मशीनच्या माणसासारखा, डोळे बारीक करून. "म्हणजे माझ्या दहाव्याला तो श्वास घेणार."

"हो."

"बरं आहे. कुणीतरी घेईल."

मला तिथेच रडू आलं. ग्लेनिस झाडू शोधायला गेली.

इथे प्रत्येक वस्तूला कागदी टेप लावतात, नाव आणि तारीख घालून. पुरूने टेप लिहून पेटीच्या दारावर चिकटवली, मराठीत: २८ जून. पुरुषोत्तम. लवकर. मी म्हटलं, फाड ती. फाडली नाही.

२९ जून, रविवार

सकाळी अवोन्डेलच्या बाजारात गेले. मेथी मिळाली, अळू मिळालं. पुरू म्हणाला मला स्टुडिओत सोड, तिथे ऊब आहे, बसतो. सोडलं. उद्यापर्यंतच काय ती भट्टी, परवापासून मशीन. म्हटलं बसू दे.

दीड तासाने गेले तर चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम. बोलता येईना. ग्लेनिस माझ्याकडे न बघता फरशी झाडत होती, आणि ती फरशी स्वच्छ होती.

"काय केलंस?"

मान हलवली. काही नाही.

"नुसतं बसायचं म्हणून आलास ना? बसणंसुद्धा नीट जमत नाही तुला?"

असं बोलले. गाडीत पुढेही बोलत राहिले. सगळा रस्ता.

३० जून

ग्लेनिस कावळा घेऊन आली. मशीन उद्यावर न ठेवता आज संध्याकाळीच आलं. दोन्ही एकाच टेबलावर. एक घरघरतंय.

४ जुलै

हॉस्पिटल. श्रिया रात्रीच्या विमानाने आली.

७ जुलै

तोंडावर मास्क आहे, त्यामुळे बोलणं नाही. हाताने विचारतो. आज चिमटीने चोच करून दाखवली. म्हटलं आहे, कपाटात आहे, कापसात. मग माझ्याकडे बोट केलं आणि हसला. मला वाटलं, तुझी फुंकर, असं म्हणतोय. मी मान हलवली.

रविवारच्या बोलण्याची माफी मागितली. त्याने हात उडवला, नेहमीसारखा, माशी हाकलावी तसा.

९ जुलै, बुधवार

पुरू गेला. सकाळी सहा चाळीस.

१२ जुलै

माणसं येतात, डबे आणतात. फ्रीजमध्ये चार प्रकारची खिचडी. बाथरूममध्ये त्याच्या रोमन बाटलीतला शाम्पू संपलाय. भरला नाही.

१८ जुलै, शुक्रवार

दहावा.

मागच्या अंगणात केलं. मोजकीच माणसं. समीरने रजा घेतली होती. श्रियाने भाताचे पिंड केले. गोल झाले. मंत्र तिने इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले होते.

मग मागे सरकलो. थांबलो. कुंपणावर दोन साळुंक्या येऊन बसल्या, उतरल्या नाहीत. समीर हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, काकांची काही इच्छा राहिली असेल तर बोला." मला घाट आठवला. फोन आठवला. मी काय बोलणार? मी येते, म्हणू?

श्रियाने कावळा कापसातून काढला. मी म्हटलं, थांब, आधी बोलते. आणि बोलले. मोठ्याने, सगळ्यांसमोर. "पुरू, त्या रविवारी मी फार बोलले. तू नुसता बसला होतास."

मग श्रियाने कावळा पिंडावर टेकवला. शिवला.

शेपूट मी मोडली. दोन बोटांत धरून, खाडकन. आणि ऐकू आलं! सगळ्यांना ऐकू आलं. बारीक — सुस्स. आत घेतला श्वास.

"आई, इट ब्रीद्‌ड," श्रिया म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "त्याने श्वास घेतला." किती वर्षांनी पूर्ण मराठी वाक्य! मी तिला धरलं आणि मग काही आवरलं नाही.

संध्याकाळी अस्थी विसर्जन केलं. मोडका कावळाही सोबत सोडला. पाण्यात दिसेनासा होईपर्यंत जांभळा होता.

२० जुलै

श्रिया गेली. घरात घरघर नाही. मशीन परत नेलं.

२७ जुलै, रविवार

ग्लेनिस आली. चहा नको म्हणाली. बुटांच्या खोक्यात कापूस, कापसात दुसरा कावळा.

"तू बाजारात होतीस तेव्हा त्याने केला. एकच फुंकर, आणि अंगठा. मी नको म्हटलं होतं, मृणाल. दहावा होईपर्यंत देऊ नकोस म्हणाला — नाही तर ती चुकीचा वापरेल."

माझ्याहून सुबक. शेपूट बंद.

टेपवर त्याचं अक्षर: २९ जून. मृणाल. घाई नाही.

श्रियाला फोन केला. कुठे ठेवलाय ते सांगून ठेवलं.